तुंबलेले गटार आणि पहिला प्रश्न

घराची ड्रेनेज लाइन तुंबली की आपल्याकडे पहिला प्रश्न 'काय बिघडले?' हा नसतो; 'कुणाला बोलवायचे?' हा असतो. आणि या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नाही. जातीने ते आधीच देऊन ठेवलेले असते. निदानाच्या आधीच उपचार ठरतो, आणि उपचार म्हणजे एक माणूस. हा उलटा क्रम सरळ करणारे एक साधन आज उपलब्ध आहे. त्याची माहिती केवळ कंत्राटदारांना असून चालणार नाही. चळवळीतल्या माणसांनाही ती असली पाहिजे.

मी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्लंबिंग शिकवतो. माझे वडील नगरपालिकेच्या सफाई खात्यात होते. बांबूची कामटी गटारात सारून, हाताला बसणाऱ्या धक्क्यावरून, आत माती आहे की झाडाचे मूळ, चिंधी आहे की फुटका पाइप, हे ते सांगत. ते निदानच होते. पण त्याला कुणी ज्ञान म्हटले नाही, कारण ज्या हातात ते होते त्या हाताचा विटाळ होता. कॅमेऱ्याने नेमके तेच काम होते. फरक एवढाच, की आता ते सर्वांना दिसते.

यंत्र तसे साधे आहे. ताठ पण वाकणाऱ्या फायबरग्लासच्या केबलच्या टोकाला इंच-दीड इंच जाडीचा, पाणी न शिरणारा कॅमेरा असतो आणि त्याभोवती छोट्या दिव्यांचे कडे. चक्रीवर गुंडाळलेली केबल चेंबरमधून पाइपात ढकलत न्यायची. आतले चित्र पडद्यावर दिसते आणि किती मीटर आत गेलो तो आकडाही. पुष्कळ यंत्रांत कॅमेऱ्याजवळ एक छोटा प्रक्षेपक असतो. जमिनीवरून लोकेटर फिरवला की कॅमेरा नेमका कुठे आणि किती खोल आहे हे कळते. मग अख्खे अंगण खणावे लागत नाही; दोष आहे तेवढीच जागा उघडायची.

दोष ठरावीकच असतात. जुन्या इमारतींतल्या स्टोनवेअर पाइपांचे सिमेंटचे सांधे उकलतात आणि वड-पिंपळाची मुळे ओलाव्याच्या शोधात आत शिरतात. जमीन खचली की पाइपाला मध्येच पोट येते. तिथे पाणी साचते, गाळ बसतो. कुठे एक पाइप दुसऱ्यापासून सरकलेला असतो, कुठे स्वयंपाकघरातले तेल थिजून बसलेले असते. कुठे मुळात उतारच कमी दिलेला असतो. जुना ठोकताळा असा, की चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट आणि सहा इंचीला साठ फुटांत एक फूट उतार हवा. ही कारणे वेगळी आणि त्यांचे उपायही वेगळे. यांतल्या एकाही दोषावर 'माणूस उतरवा' हा उपाय नाही. चार इंची पाइपात माणूस जातच नाही. त्याला उतरवले जाते ते चेंबरमध्ये आणि टाकीत, तेही बहुधा नुसत्या अंदाजाने.

कॅमेऱ्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो सफाई करीत नाही. गढूळ पाण्याने भरलेल्या पाइपात त्याला काही दिसत नाही. आधी पाण्याच्या दाबाने, म्हणजे जेटिंगने, वाट मोकळी करावी लागते. सेप्टिक टाकीला सक्शन गाडीच लागते. आणि कॅमेऱ्याच्या आधी एक बिनखर्चाची तपासणी आहे: चेंबरांची झाकणे ओळीने उघडून, आत न उतरता, पाहायचे. शेवटचे भरलेले चेंबर आणि त्यापुढचे पहिले रिकामे चेंबर, यांच्यामध्ये अडथळा असतो. दोष घराचा, सोसायटीचा की महापालिकेचा, हे बहुतेक वेळा इथेच ठरते.

हे सारे सांगायचे कारण एकच. साचलेला गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. म्हणून 'वास येत नाही, उतर' हे मुकादमाचे वाक्य प्राणघातक आहे. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार संरक्षक साधनांशिवाय गटार वा सेप्टिक टाकी साफ करून घेणे हा गुन्हा आहे, आणि तो गृहनिर्माण सोसायटीलाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाख केली. भरपाई मिळालीच पाहिजे. पण ती मेल्यानंतरची गोष्ट आहे. निदान ही मरणापूर्वीची गोष्ट आहे.

मात्र यंत्र आले म्हणजे जात गेली, या भ्रमात कुणी राहू नये. माझ्याच शहरातल्या एका सोसायटीत मी पाहिले: कॅमेरेवाला खुर्चीवर पडद्यासमोर, आणि झाकण उचलायला व शेवटी आत उतरायला मेहतर वस्तीतला तरुण. पाहणीचे बिल हजारांत, मजुरी शेकड्यांत. जात कामांचीच नव्हे, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. ती वाटणी यंत्राभोवतीही जशीच्या तशी उभी राहू शकते.

म्हणून आपली मागणी दुहेरी असली पाहिजे. माणूस आत जाणार नाही, ही पहिली. आणि कॅमेरा, जेटिंग यंत्र, त्यांचे प्रशिक्षण व मालकी यांवर पहिला हक्क पिढ्यान्‌पिढ्या आत उतरलेल्यांचा आहे, ही दुसरी. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत सफाई कामगारांना यंत्रखरेदीसाठी अनुदानाची तरतूद आहे. कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत तिचे अर्ज भरून घ्यावेत. शिक्षकांनी हा विषय वर्गात शिकवावा. आणि ज्यांची मुले सोसायट्यांत राहायला गेली आहेत, त्यांनी सभेत उठून एवढेच विचारावे: पाइपाचे चित्रण कुठे आहे? 'आतले दिसत नव्हते, म्हणून उतरवला' ही सबब आता कुणालाही देता येणार नाही. दिसू शकत होते. कुणी पाहिले नाही.