ॲव्रोचा वारस आणि साउथ ब्लॉकची फाईल

हवाई दलाचे ॲव्रो विमान कानपूरच्या कारखान्यात दोन वर्षांच्या आत उभे राहिले. त्याचा वारस ठरवायला दिल्लीला नऊ वर्षे लागली. ऑक्टोबर २०२२ मध्ये हा वारस नागपूरला न येता वडोदऱ्याला गेला, तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ झाला. त्यात आधीची नऊ वर्षे मात्र कोणाला आठवली नाहीत.

ब्रिटनच्या हॉकर सिडले कंपनीचे हे दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे विमान. तिकडे जून १९६० मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले आणि १ नोव्हेंबर १९६१ रोजी कानपूरला जोडलेले पहिले विमान आकाशात झेपावले. दिवंगत हवाई दल प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव ‘सुब्रतो’ ठेवले गेले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा आग्रह आणि एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग यांची धडाडी यांचे ते फळ होते. पुढे सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्तान एरोनॉटिक्सने एकूण ८९ ॲव्रो बांधले. काही इंडियन एअरलाइन्सलाही मिळाले.

लष्करी वाहतुकीसाठी मात्र हे विमान अपुरेच होते. मागे रॅम्प नसल्याने जीप थेट पोटात चढवता येत नसे. परिणामी हिमालयातील रसदीचा भार इतरांनी वाहिला आणि ॲव्रोच्या वाट्याला अतिविशिष्ट व्यक्तींचा प्रवास, वैमानिकांचे प्रशिक्षण अशी कामे आली. पाठीवर रडारची तबकडी बसवून त्याला टेहळणी विमान बनवण्याचाही प्रयोग झाला. ११ जानेवारी १९९९ रोजी तमिळनाडूतील अरक्कोणमजवळ ते चाचणी विमान कोसळले आणि शास्त्रज्ञांसह आठ जणांचा बळी गेला.

ॲव्रोच्या जागी ५६ नवी विमाने घेण्यास संरक्षण खरेदी परिषदेने २०१२ मध्ये मान्यता दिली. त्यातील १६ तयार आणायची आणि ४० देशात, पण खासगी भागीदाराकडून बांधायची, अशी अट होती. ज्या सरकारी कंपनीने ॲव्रो बांधले, तिलाच दरवाजा बंद! अवजड उद्योगमंत्री प्रफुल्ल पटेल यांनी त्यावर आक्षेप घेतला. सार्वजनिक क्षेत्राला वगळायचे का, हा त्यांचा प्रश्न गैर नव्हता. परंतु हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या मक्तेदारीला पर्याय उभा करणे हाच या अटीचा हेतू होता आणि तो रास्तच म्हणावा लागेल. या वादात वेळ गेला. सत्तांतरानंतर निविदा उघडल्या तेव्हा एअरबस–टाटा ही एकच जोडी रिंगणात उरली होती. एकट्या निविदेला हात लावायला साउथ ब्लॉकमधील अधिकारी सहसा धजत नाहीत. मनोहर पर्रीकर यांच्या अध्यक्षतेखालील परिषदेने मे २०१५ मध्ये ते धाडस केले. तेव्हा अंदाजित खर्च सुमारे १२ हजार कोटी रुपये होता. प्रत्यक्ष करारावर सह्या झाल्या सप्टेंबर २०२१ मध्ये आणि त्याची रक्कम होती सुमारे २२ हजार कोटी.

प्रकल्प नागपूरच्या मिहानमध्ये येणार, असे राज्याचे उद्योगमंत्री उदय सामंत यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले होते. पुढच्याच महिन्यात वडोदऱ्याचे नाव जाहीर झाले. वेदान्त–फॉक्सकॉनची जखम ताजी होती. विरोधकांनी शिंदे–फडणवीस सरकारला धारेवर धरले, तर सत्ताधाऱ्यांनी खापर आधीच्या महाविकास आघाडी सरकारवर फोडले. कोणत्याही राज्याने दावा सांगायची वेळ करारापूर्वीची होती. सह्या होऊन वर्ष लोटल्यावर मुंबईत घोषणा करण्याला फारसा अर्थ उरला नव्हता.

पहिले सी–२९५ सप्टेंबर २०२३ मध्ये हिंडन तळावर हवाई दलात दाखल झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांच्या हस्ते वडोदऱ्याच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. नव्या विमानाला मागे रॅम्प आहे.