सुबाभळीचा मुरघास

सुबाभळीचा मुरघास म्हणजे सुबाभळीचा हिरवा पाला हवाबंद आंबवून टिकवलेला चारा होय. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात उन्हाळ्यात गोठ्यात बहुधा ज्वारीचा कडबाच उरतो आणि त्यात प्रथिने फार कमी असतात. ती उणीव पावसाळ्यात राखलेला हा पाला भरून काढतो. महाराष्ट्रात चाऱ्यासाठी या झाडाचा प्रसार करण्यात मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ संस्थेचा मोठा वाटा आहे.

मक्याचा मुरघास सहज साधतो, कारण मक्यात साखर भरपूर असते. शेंगावर्गीय पाल्यात ती कमी असते. शिवाय त्यातील प्रथिने आम्लता वाढू देत नाहीत. पुरेसे लॅक्टिक आम्ल तयार झाले नाही, तर पाला आंबण्याऐवजी कुजतो. म्हणून तो किंचित सुकवून, कुट्टी करून त्यात वजनाच्या ३ ते ५ टक्के उसाची मळी किंवा मक्याची हिरवी कुट्टी मिसळतात आणि खड्ड्यात वा पिशवीत घट्ट दाबून भरतात. सुमारे दीड महिन्यात मुरघास तयार होतो. बुरशी आलेला भाग जनावरांना देऊ नये.

सुबाभळीत मिमोसीन हे विषारी द्रव्य असते. मुरण्यात ते घटते, नाहीसे होत नाही. म्हणून गाई-म्हशींना हा चारा एकूण वैरणीच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक देत नाहीत. घोड्यांना तर तो वर्ज्यच, त्यांची आयाळ व शेपटीचे केस झडतात.