चिठ्ठीचा हिशेब

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय 1963 साली सुरू झालं. तिथून बाहेर पडलेल्या पिढ्यांनी शहरात, बार्शी-पंढरपूर-अक्कलकोटात दवाखाने थाटले. या मंडळींचा औषधशास्त्राशी संबंध आला तो रुग्ण नीट हाताशी येण्याआधी. त्या काळी सगळीकडेच प्रात्यक्षिकं म्हणजे बेडकाचं हृदय, सशाचा डोळा, फार तर बाटलीत मिक्श्चर ढवळून वर लेबल चिकटवणं. समोर खोकणारा यंत्रमाग कामगार बसलाय, उद्याची पाळी बुडवणं त्याला परवडणारं नाही, 'सुई मारा' म्हणून तो हटून बसलाय. अशा माणसाला काय लिहून द्यायचं आणि काय नाही, याचा तास वेळापत्रकात नव्हता. ते दवाखाना टाकल्यावर शिकायचं.

शिकवायला कोण यायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुपारी पेशंट ओसरले की बॅग घेऊन औषध कंपनीचे एमआर. दोन-तीन मिनिटांत एक नाव, एक फायदा, चार सॅम्पल, एक पेन. त्यांना हिणवण्यात अर्थ नाही. ते आपलं काम चोख करतात. वर्षानुवर्षं न चुकता डॉक्टरच्या दारात येऊन नव्या औषधाबद्दल बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, ही त्यांची चूक नव्हे.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. जयसुखलाल हाथी समितीने 1975च्या अहवालात देशाचं बहुतेक काम भागेल अशा शंभरावर आवश्यक औषधांची यादी दिली. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली यादी त्यानंतर दोन वर्षांनी, 1977 साली आली. म्हणजे या बाबतीत आपण जगाच्या मागे नव्हतो. मात्र भारताची अधिकृत राष्ट्रीय यादी यायला 1996 उजाडलं. मधल्या काळात महाराष्ट्रात हा विषय लावून धरला तो सरकारने नव्हे, तर मेडिको फ्रेंड सर्कल आणि लोकविज्ञान संघटनेच्या कार्यकर्त्यांनी. पुण्याच्या डॉ. अनंत फडके यांचं नाव त्यात ठळक. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात औषधं येतात किती, कुठून आणि लिहिली कशी जातात, याचा त्यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. अख्ख्या जिल्ह्याच्या चिठ्ठ्यांकडे कुणीतरी पहिल्यांदाच इतक्या बारकाईने पाहिलं असावं. डॉक्टरांच्या बैठकांत त्याची चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही.

या सगळ्या काळाचं खरं मोजमाप मात्र मुंबईत मिळतं. डॉ. मुकुंद उपलेकर यांनी मुंबईच्या झोपडपट्टीतल्या शंभर खासगी डॉक्टरांना विचारलं होतं, क्षयरोगाला तुम्ही काय लिहाल? शंभर डॉक्टरांनी औषधांच्या ऐंशी वेगवेगळ्या जोडण्या लिहिल्या. हे 1991 साली छापून आलं. क्षयरोग हा काही मतमतांतराचा आजार नाही. कोणती औषधं, किती महिने, हे ठरलेलं असतं. पुढे राष्ट्रीय कार्यक्रम बदलला, डॉट्स आलं, पुस्तिका वाटल्या गेल्या, प्रशिक्षणं झाली. वीसेक वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया यांनी, उपलेकरांनाच सोबत घेऊन, धारावीत तोच प्रश्न पुन्हा विचारला. निष्कर्ष 2010 साली आले. 106 डॉक्टर, 63 वेगवेगळ्या जोडण्या, आणि बरोबर चिठ्ठी लिहिणारे सहा.

सहा! वीस वर्षांच्या शिक्षणाचं हे फळ.

माझ्या मते इथे डॉक्टरांच्या बुद्धीला किंवा हेतूला दोष देऊन भागत नाही. शिकवणाऱ्यांनी चिठ्ठी कधी मागून पाहिलीच नाही, दोष तिथे आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002च्या आचारसंहितेने पाच वर्षांत 30 तास निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावं असं सांगितलं, आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणाशी त्याची सांगड घातली. हेतू चांगलाच होता. त्यातून उभी राहिली ती 'सीएमई' नावाची संस्था: रविवारची सकाळ, हॉटेलचा हॉल, पुण्या-मुंबईहून आलेले वक्ते, परिषदेचा निरीक्षक, सह्या आणि जेवण. वक्ता बहुधा अतिविशेषज्ञ, विषय बहुधा नवा. यंत्रमानवी शस्त्रक्रियेवरचं भाषण ऐकलं तरी तास मोजला जातो आणि घसादुखीला प्रतिजैविक द्यावं की नाही यावरचं ऐकलं तरी तेवढाच. गल्लीतल्या जीपीला यातलं कोणतं उपयोगी, हा विचार श्रेयांकाच्या हिशेबात बसत नाही. खर्च कोण करतं हे विचारणं अशिष्ट. कंपन्यांच्या भेटवस्तू आणि प्रवासखर्च घेण्यावर डिसेंबर 2009मध्ये बंदी आली. कंपन्यांसाठीची विपणन संहिता मात्र 2014पर्यंत आलीच नाही, आली ती ऐच्छिक, आणि मार्च 2024मध्ये तिची नवी आवृत्ती काढावी लागली.

गंमत अशी की चिठ्ठी तपासण्याची पद्धत आपल्याकडे अगदी व्यवस्थित रुळलेली आहे, फक्त ती कंपन्यांच्या हातात आहे. एमआरच्या भाषेत तिला 'आरसीपीए' म्हणतात. दवाखान्यात जाण्याआधी किंवा नंतर तो जवळच्या मेडिकलवर थांबतो. अमुक डॉक्टर या महिन्यात आमचं किती लिहितात, समोरच्या कंपनीचं किती, हे काउंटरवरून विचारून टिपून घेतो. गेल्या भेटीतल्या बोलण्याचा परिणाम झाला की नाही, हे त्याला पुढच्या भेटीआधीच कळलेलं असतं. शिकवलं, परिणाम पाहिला, त्यानुसार पुन्हा शिकवलं. शिक्षणशास्त्राला यापेक्षा वेगळं काय हवं असतं? हे चक्र पूर्ण करणारा आपल्याकडचा एकमेव घटक म्हणजे औषध विकणारा. वैद्यकीय परिषदेने हजेरी तेवढी मोजली.

ही पद्धत रुग्णाच्या बाजूने वापरता येते, हे अमेरिकेत जेरी एव्हॉर्न आणि स्टीफन सुमराई यांनी 1983 सालीच दाखवलं होतं. त्यांनी चारशेहून अधिक डॉक्टर निवडले आणि त्यांतल्या एका गटाकडे फार्मासिस्ट पाठवले. या फार्मासिस्टांनी एमआरसारखंच डॉक्टरांच्या खोलीत बसून थोडक्यात बोलायचं, पण विकायचं काही नाही. ज्यांना फक्त पत्रकं टपालाने मिळाली त्यांच्या चिठ्ठ्या फारशा बदलल्या नाहीत. ज्यांच्याकडे माणूस गेला त्यांच्यात नको ती औषधं साधारण 14 टक्क्यांनी कमी झाली. आकडा डोळे दिपवणारा नाही. पण पत्रकापेक्षा माणूस भारी, हे कंपन्यांना त्याआधीच कळलेलं होतं.

पदवीच्या पातळीवर बदल झाला, उशिरा का होईना. जागतिक आरोग्य संघटनेची चांगली चिठ्ठी कशी लिहावी हे शिकवणारी पुस्तिका 1994ची. तिचं सूत्र सोपं आहे: नेहमीच्या प्रत्येक आजारासाठी परिणाम, सुरक्षितता, सोय आणि किंमत तोलून आपलं औषध आधीच ठरवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी कुणाच्या बॅगेतलं नाव सुचणार नाही. काही महाविद्यालयांनी हे आपापल्या हौसेने आधी सुरू केलं, पण देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात ते ठसठशीतपणे आलं 2019 साली. म्हणजे पंचवीस वर्षं गेली. बेडूक एकदाचा सुटला.

मग करोना आला आणि दोन वर्षांत सगळ्यांची परीक्षा झाली. 2021च्या एप्रिलमध्ये रेमडेसिविरच्या चिठ्ठ्या हातात घेऊन नातेवाईक गावोगाव फिरले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या पाचेक महिने आधीच या औषधाची शिफारस करता येत नाही असं म्हटलं होतं. दुसरीकडे डेक्सामेथासोन, आपल्याकडचं जुनं, स्वस्त 'डेका', प्राणवायूवरच्या रुग्णाला वाचवतं हे जून 2020मध्येच सिद्ध झालं होतं. तेही गरज नसलेल्यांना, नको तितके दिवस दिलं गेलं. वेबिनारांचा त्या काळात पूर आला होता. ऐकण्याची कमतरता कुठेच नव्हती.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने याच सुमारास 13 मोठ्या रुग्णालयांतल्या 4838 चिठ्ठ्या तपासल्या. साधारण 45 टक्के चिठ्ठ्या मार्गदर्शक सूचनांपासून ढळलेल्या आढळल्या आणि 475 चिठ्ठ्यांतलं ढळणं मान्य करण्याजोगं नव्हतं. त्यांत सर्वांत पुढे होतं पॅन्टोप्राझोल, म्हणजे आपण 'गॅसची गोळी' म्हणून सर्रास खातो ते. लिहिणारे पदव्युत्तर डॉक्टर होते, गावातले जीपी नव्हेत. हा अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला.

खेड्यांतलं चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. तिथल्या दवाखान्यांवर बीएएमएसच्या पाट्या पुष्कळ. त्यांना ॲलोपॅथीची औषधं लिहिण्याची मुभा राज्य सरकारने 1992च्या अधिसूचनेने दिली. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम निघाला. त्यांच्या नोंदणीवरून सप्टेंबर 2025मध्ये ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला. कुणाला लिहू द्यायचं यावर इतकं भांडण झालं. लिहितात कसं, हे मात्र दोन्ही बाजूंनी बाजूलाच ठेवलं.

सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यात औषधशास्त्र विभाग आहे, आयएमएची शाखा आहे. त्यांनी पुढच्या वर्षी एकच करून पाहावं. महिन्याला दहा-बारा जीपी, त्यात बीएएमएसही, एका खोलीत बसवावेत. प्रत्येकाने आपल्याच मागच्या पन्नास चिठ्ठ्या रुग्णांची नावं खोडून आणाव्यात. त्यातलं एखादं प्रतिजैविक, एखादी गॅसची गोळी कशासाठी लिहिली, हे एकमेकांना विचारावं आणि सहा महिन्यांनी तोच गट पुन्हा बसवावा. वक्ता नको, हॉल नको, प्रायोजकही नको. श्रेयांक द्यायचे तर वैद्यकीय परिषदेने ते याला आधी द्यावेत.