आतडं ‘उतरतं’ कुठून?

मुंबईतल्या असल्फ्याच्या टेकडीवर पाण्याचे कॅन आणि गॅसचे सिलिंडर माणसांच्या खांद्यावरूनच वर जातात. त्यामुळे तिथे कुणाच्या जांघेत फुगवटा दिसला, की निदान शेजारीच होऊन जातं : वजन उचललं, आतडं उतरलं. हे अर्धंच खरं आहे. वजन हा बहुधा शेवटचा धक्का. वाट आधीपासूनच असते.

जांघेत सुमारे 4 सेंटिमीटरचा एक तिरपा बोगदा सगळ्यांनाच असतो. मुलाची वृषणं गर्भात पोटामध्ये तयार होतात आणि याच बोगद्यातून खाली सरकतात. सोबत पोटाच्या अस्तराची एक पिशवी खाली येते. ती पुढे बुजायला हवी. नाही बुजली, तर तिच्यात चरबी किंवा आतड्याचं वेटोळं शिरतं. हाच हर्निया. म्हणूनच आयुष्यात काही न उचललेल्या तान्ह्या बाळालाही हर्निया होतो. उतारवयात प्रकार वेगळा : बोगद्याची मागची भिंतच विरते. जुना खोकला, बद्धकोष्ठ, प्रोस्टेटमुळे लघवीला करावा लागणारा जोर हे तिच्यावर रोज दाब टाकतात आणि तंबाखूचा धूर ऊती कमकुवत करतो. गल्ल्यावर बसणारा दुकानदार त्यातून सुटत नाही.

बायकांना होत नाही, हा समज मात्र धोक्याचा. जांघेतला नेहमीचा हर्निया त्यांच्यात खरोखरच कमी दिसतो. पण घडीच्या थोडा खाली, मांडीच्या मुळाशी येणारा फिमोरल हर्निया पुरुषांपेक्षा त्यांनाच जास्त होतो. तो सुपारीएवढा असतो, लाजेपोटी दाखवला जात नाही, आणि त्याचं तोंड अरुंद व ताठ असल्याने आतडं तिथे लवकर आवळलं जातं. शिवाय बाळंतपणांनंतर बेंबीतून, सिझेरियननंतर टाक्यांच्या जागेतून हर्निया येतो, तो वेगळाच. गाठ कडक झाली, दुखू लागली, आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या, तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजता का होईना, राजावाडी रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठायची. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, की हातात काही तासच असतात.

आडवं झाल्यावर गाठ आत जाते, म्हणजे दुखणं गेलं असं नाही. पट्टा तिला दाबून धरतो, भोक बुजवत नाही. व्यायाम आणि मालिशही नाही. याउलट, त्रास नसलेल्या पुरुषाने सर्जनच्या सल्ल्याने थांबून पाहणंही चालतं. तान्ह्याच्या बेंबीवर नाणं बांधायचं कारण नाही. ती फट बहुधा चार-पाच वर्षांत आपोआप मिटते. नाण्याने फार तर कातडी सोलवटते.

उरली जाळीची भीती. ऑपरेशनमध्ये भोकावर बसवतात ती जाळी बहुतेकदा पॉलिप्रोपिलीनची असते आणि शरीर ती सहसा सामावून घेतं. ती महाग पडते म्हणून धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि 2003 मध्ये सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष छापले. पुढे युगांडात अशा स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी रीतसर तुलना झाली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत, वर्षभरानंतर हर्निया उलटण्याच्या प्रमाणात दोन्हींमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही.