रेणूंचा धोटा

येवल्यात पैठणी घ्यायला आलेली बाई घडी उलगडली की ती आधी उजेडात नेते आणि हलवून पाहते. धूपछाँव पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. पदर कलला की कधी हा रंग वर येतो, कधी तो. धागा जागचा हलत नाही. बदलतो तो फक्त आपल्या पाहण्याचा कोन.

मी आज ज्या रेणूंविषयी बोलणार आहे, त्यांच्यात प्रकाश स्वतःच आतले भाग हलवतो. एका काडीत कडी ओवलेली आहे आणि ती निसटू नये म्हणून काडीच्या दोन्ही टोकांना जाड गाठी आहेत, असे समजा. दोघींत रासायनिक बंध नाही, तरी त्या सुटत नाहीत. याला रोटॅक्सेन म्हणतात. १९९१ साली फ्रेझर स्टॉडर्ट यांच्या गटाने अशी कडी दोन थांब्यांमध्ये ये-जा करताना दाखवली आणि शोधनिबंधाला नाव दिले चक्क 'रेणूंचा धोटा'! २०१६ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आता धोटा फेकायला हात हवा. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी ते काम प्रकाशाकडे दिले. त्यांच्या काडीत अ‍ॅझोबेन्झीन होते. कापडाच्या कितीतरी रंगांत असते तीच अ‍ॅझो जोडणी. अतिनील प्रकाशात हा भाग वाकतो, कडीला तिथे बसणे अवघड होते आणि ती सरकते. दृश्य प्रकाशात तो सरळ होतो, कडी परत येते. वाकलेला आणि सरळ रेणू प्रकाश वेगवेगळा शोषतात, म्हणून छटाही बदलते.

हे झाले द्रावणात. पातळ थरात रेणू भरलेल्या एस.टी.तल्या प्रवाशांसारखे दाटतात, सरकायला जागाच उरत नाही. म्हणून रेणूचे एक टोक पृष्ठभागाला बांधून दुसरे मोकळे ठेवतात. २००५ मध्ये डेव्हिड ली आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या पृष्ठभागावर असा एका रेणूइतका थर दिला. प्रकाश पडताच कड्या सरकल्या, पृष्ठभागाचा गुण बदलला आणि द्रवाचा एक थेंब १२ अंशांच्या चढावर वर सरकला.

हे एका विणकराला सांगितले, तर त्यांनी विचारले, "म्हणजे रंग उडतो तसेच ना?" नाही. रंग उडतो तेव्हा रंगाच्या रेणूतले बंध तुटतात, ते परत जुळत नाहीत. इथे जोडणी नुसती वळते. पण प्रश्न नेमका होता. वळण्याच्या हजार फेऱ्यांत एखादा रेणू तुटतोच, आणि हा थर किती दिवस टिकेल ते त्यावरच ठरते.