बालवर्गापासून स्कूलबसपर्यंत : पडताळणी कोणाची?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि संतप्त लोकांनी रेल्वे रोखून धरली. आरोपी होता नुकताच रुजू झालेला कंत्राटी सफाई कामगार. त्यानंतर राज्य सरकारने शाळांमधल्या कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचे आदेश काढले.

खरे तर हे बंधन नवे नव्हतेच. बाललैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी अशा संस्थांनी शिक्षक-शिक्षकेतर, कायम-कंत्राटी अशा सगळ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची असते. एकदा दाखला फाइलला लावला की काम संपत नाही.

शिवाय दाखल्यात उतरते ते फक्त पोलिसांच्या नोंदीत असलेले. इंग्लंडमधल्या सोहॅमला २००२ मध्ये दोन दहा वर्षांच्या मुलींचा खून करणारा माणूस शाळेचा केअरटेकर होता. दुसऱ्या भागात त्याच्याविरुद्ध आधी अनेक तक्रारी झाल्या होत्या; नेमणूक करणाऱ्यांपर्यंत त्या पोचल्याच नाहीत. म्हणूनच आधीच्या नोकरीच्या ठिकाणी फोन करून, उमेदवार तिथून का गेला, मुलांशी कसा वागायचा, हे विचारणेही तितकेच गरजेचे.

पुढच्या पालकसभेत विचारा : बसचालक, मदतनीस, सफाई कामगार यांची पडताळणी शेवटची कधी झाली?