जुन्या बुलेटचे इंजिन: बेअरिंग बदलताना कोणती काळजी आवश्यक?

ओतीव लोखंडी सिलिंडर असलेल्या जुन्या 'बुलेट' मोटारसायकली आजही देशाच्या सर्व भागांत वापरात आहेत. १९५५ मध्ये तत्कालीन मद्रास येथे स्थापन झालेल्या एनफिल्ड इंडिया कंपनीने हे इंजिन किरकोळ बदलांसह सुमारे अर्धशतक तयार केले. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस त्याची जागा नव्या रचनेच्या इंजिनाने घेतली. साहजिकच जुने इंजिन दुरुस्तीसाठी उघडल्यावर वाहनधारकांसमोर प्रश्न उभा राहतो, तो क्रँकशाफ्टच्या बेअरिंगचा. ते मूळ पद्धतीचेच बसवावे की अधिक टिकाऊ प्रकारचे?

भार कोठे पडतो?

३५० सीसी बुलेटच्या पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर, तर त्याची धाव ९० मिलिमीटर असते. क्रँकशाफ्ट मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना सिलिंडरमध्ये दर सेकंदाला २५ वेळा इंधनाचे ज्वलन होते. त्याचा प्रत्येक आघात कनेक्टिंग रॉडचे खालचे टोक आणि क्रँकपिन यांच्या सांध्यावर येतो. या सांध्यास 'बिग एंड' म्हणतात.

जुन्या बुलेटमध्ये येथे 'फ्लोटिंग बुश' असते. मऊ धातूचा थर दिलेले हे पोलादी कडे रॉड आणि पिन या दोहोंमध्ये मोकळे फिरते. त्यामुळे घर्षणाचा वेग दोन पृष्ठभागांत विभागला जातो. मात्र ही रचना सर्वस्वी तेलाच्या पातळ थरावर अवलंबून असते. तेलाचा पुरवठा खंडित झाल्यास मऊ धातू वितळून इंजिन जाम होऊ शकते. धावत्या गाडीचे मागील चाक अशा वेळी अचानक जखडते आणि चालकाच्या जिवावर बेतू शकते.

रोलर बेअरिंगचा पर्याय

बुशऐवजी रोलर बेअरिंग बसवल्यास कमी तेलातही काम चालते. तेल क्षणभर कमी पडले तरी ते सहसा लगेच निकामी होत नाही. झीज वाढू लागताच आवाजाने पूर्वसूचना मिळते. नव्या बुलेट इंजिनातही बिग एंडला रोलरच आहे. असे असले तरी केवळ बेअरिंग बदलून भागत नाही. क्रँकशाफ्टमधील तेलमार्गात साचलेला गाळ काढला नाही आणि तेलाचा पंप तपासला नाही, तर पहिल्या बिघाडाचे मूळ कारण तसेच राहते.

दुसरी बाब जुळणीची. या क्रँकशाफ्टची दोन फ्लायव्हील क्रँकपिनने जोडलेली असतात. नवी पिन बसवल्यावर दोन्ही बाजूंचे दांडे एका रेषेत आहेत की नाही, हे डायल गेजने पाहावे लागते. येथे मिलिमीटरचे काही शतांश भागही महत्त्वाचे ठरतात. जुळणी चुकल्यास कंपने वाढतात आणि महागडे बेअरिंगही अल्पावधीत खराब होते.

मुख्य बेअरिंग

क्रँककेसमधील मुख्य बेअरिंग निवडताना त्यावरील क्रमांक पाहावा. उदाहरणार्थ, ६३०५ या क्रमांकातील शेवटच्या दोन अंकांस पाचने गुणले असता आतील व्यास २५ मिलिमीटर असल्याचे कळते. 'सी ३' ही खूण आतील मोकळीक सर्वसाधारण बेअरिंगपेक्षा जास्त असल्याचे दर्शवते. बेअरिंग घट्ट बसवताना ही मोकळीक काही अंशी कमी होते. म्हणून मूळ बेअरिंगवर ही खूण असल्यास नवेही त्याच खुणेचे घ्यावे. बसवण्यापूर्वी ॲल्युमिनियमचे क्रँककेस सर्व बाजूंनी सारखे, सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. हातोड्याने ठोकल्यास आतील गोळ्यांच्या मार्गावर खड्डे पडतात.

दुरुस्तीची खरोखरच गरज आहे का, हे आधी तपासणे हिताचे. पिस्टन वरच्या टोकाला असताना कनेक्टिंग रॉड वर-खाली हलत असेल, तर बिग एंड झिजले आहे असे समजावे. बाजूंना होणारी थोडी हालचाल मात्र स्वाभाविक असते. ज्या इंजिनात तेल वेळेवर बदलले जाते आणि गाडी मध्यम वेगाने चालवली जाते, तेथे मूळ बुशही दीर्घकाळ साथ देते. महामार्गावर सतत वेगाने प्रवास करणाऱ्यांसाठी रोलर अधिक भरवशाचा ठरतो. परंतु तेलमार्गाची स्वच्छता आणि अचूक जुळणी यांची जागा तो घेऊ शकत नाही.